एकाच खुर्चीचं विमान

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं आपल्या चिटणीसांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, त्यांना पहिल्या दहा वर्षांचे हिशेब हवेत. नऊ वर्षं खजिनदारकी केलेल्या माणसाकडून दुसरं काय मागणार? पण बोअरवेल, कन्व्हेयन्स डीड आणि लिफ्टचा तो गाजलेला वाद यांवर लिहिणारे समर्थ सभासद आपल्यात आहेत. मी वेगळाच विषय घेतोय, आणि त्याला कारण आहे गेल्या वर्षीची कोजागरी.

गच्चीवर मसाला दूध चाललं होतं. मी मोबाईलमधले फोटो दाखवत होतो. त्यात एका जुन्या लाकडी ग्लायडरचा फोटो होता. सी विंगमधली एक चौथीतली मुलगी तो फोटो बोटांनी मोठा करकरून बघत होती. मग म्हणाली, "आजोबा, हे शिकायचं विमान म्हणालात ना? मग यात शिकवणारे सर कुठे बसतात?"

मी म्हटलं, "बसत नाहीत. एकच खुर्ची आहे."

"मग शिकायचं कसं?"

तेवढ्यात दूध उतू गेलं आणि विषय राहून गेला. पण प्रश्न बरोबर होता. मलाही तो पन्नास वर्षं पडलेला होता. त्याचं उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून इथे लिहितो.

आधी माझं थोडंसं. आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल, आपण इथे राहायला आलो तेव्हा गच्चीवरून हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरचे ग्लायडर दिसायचे. आवाज नाही, धूर नाही, घारीसारखे गोल फिरायचे. त्या सेंटरवर मी १९७३ साली, बँकेत नुकता क्लार्क म्हणून लागलो असताना, रविवारी सायकलवरून जात असे. शिकायला 'रोहिणी' नावाचं ग्लायडर होतं. लाकडी, आणि दोन खुर्च्या शेजारी शेजारी, जोडप्याने स्कूटरच्या साईडकारमध्ये बसावं तशा. उजवीकडे सर, डावीकडे मी. विंचच्या तारेने वर ओढलं जायचं, तार सुटली की एकदम शांतता, मग एक चक्कर आणि खाली. चार-पाच मिनिटांचा खेळ, पण सोमवारी काउंटरवर बसलो तरी कानात तोच वारा असायचा.

सरांनी एका रविवारी सांगितलं, "पुढच्या वेळी मी खाली उभा राहणार." म्हणजे सोलो. त्या आठवड्यात बँकेत बदलीचा कागद आला. मराठवाड्यात एक शाखा नव्याने उघडत होती आणि अविवाहित क्लार्क पाठवायला सगळ्यांत सोपा. गेलो. मग बढती, लग्न, मुलगी, आणखी बदल्या. पुण्यात परत आलो तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती. एकट्याने उडायचं राहिलं ते राहिलंच. यात कोणाचा दोष नाही. पण शेजारच्या खुर्चीत सर नसताना कसं वाटतं, हे मला आजही माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे जर्मनीत गेलो होतो. ती राहते तिथून वासरकुपे नावाचा डोंगर गाडीने तासाभरावर आहे. ९५० मीटर उंच, माथा बोडका, वारा असा की टोपी धरून चालावं लागतं. जगभरचे ग्लायडरवाले या डोंगराला पंढरी मानतात. जावयाने हौसेने नेलं. वर ग्लायडरचं मोठं संग्रहालय आहे. तिथे मी चार तास घालवले. सौ. दोन तासांनंतर कॉफी प्यायला गेली.

या डोंगराचा इतिहास पहिल्या महायुद्धाच्या शेवटापासून सुरू करावा लागतो. जर्मनी हरली. १९१९च्या व्हर्सायच्या तहाने तिला लष्करी विमानदल ठेवायला मनाई झाली आणि इंजिनाची विमानं बांधण्यावरही कडक बंधनं आली. बिनइंजिनाच्या विमानाचं मात्र तह करणाऱ्यांना काही वाटलं नाही. खेळणंच ते! ऑस्कर उर्सिनुस नावाचा एक इंजिनियर विमानविद्येचं मासिक चालवत असे. त्याने १९२०च्या उन्हाळ्यात तरुणांना हाक दिली की आपापली ग्लायडरं घेऊन या डोंगरावर या. पोरं आली. कोणी आगगाडीने, कोणी हातगाडी ढकलत. खायला धड नाही, राहायला तंबू. पहिल्या वर्षी उड्डाणं मिनिटांत मोजावी लागत होती. दहा वर्षांत तीच माणसं शंभर किलोमीटरच्या पलीकडे जाऊ लागली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. पैसा नव्हता, म्हणून दोन खुर्च्यांचं मोठं ग्लायडर परवडत नव्हतं. मग शिकवायची एक पद्धत बसवली गेली. शिकाऊ ग्लायडर म्हणजे नुसती लाकडी चौकट, वर पंख, पुढे एक फळी, फळीवर पोरगा बसवलेला. पोट नाही, काच नाही, बाजूला काही नाही. १९२६ सालचं अशा प्रकारचं प्रसिद्ध ग्लायडर होतं, त्याचं नावच 'त्सोग्लिंग', म्हणजे शिष्य. पहिल्या दिवशी ते वाऱ्याकडे तोंड करून नुसतं उभं करायचं. मुलाने दांडी हलवून पंख आडवे धरायला शिकायचं. जमीन सोडायचीच नाही. दुसऱ्या टप्प्यात सपाट माळावर घसरत न्यायचं. मग एक हात उंच उडी. मग डोंगराच्या पायथ्यावरून, मग थोडं वरून. प्रत्येक वेळी गुरुजी खाली उभे, आणि प्रत्येक वेळी शिष्य एकटा. चूक झाली तर ती एका हाताच्या उंचीवरची चूक असे. उंची वाढायच्या आत चुका संपवायच्या, असा तो हिशेब. तरीही हाडं मोडायचीच, हे संग्रहालयातले फोटो पाहिले की कळतं.

आणि हे उडवायचं कसं? इंजिन नाही, सुरुवातीला विंचही नाही. जाड रबराची दोरी घ्यायची, मधोमध ग्लायडरच्या नाकाला अडकवायची, दोन्ही टोकांना चार-चार पाच-पाच पोरं. दोघंतिघं मागे शेपटी धरून बसलेले. मग हुकूम सुटायचे, आउसत्सीएन, लाउफेन, लोस. ताणा, पळा, सोडा! बेचकीतून दगड सुटावा तसं ग्लायडर सुटायचं. अर्ध्या मिनिटाने ते खाली कुठेतरी टेकायचं, आणि मग हीच दहा-बारा पोरं ते चढावरून ओढत वर आणायची. दिवसभर डोंगर चढायचा आणि आपल्या वाट्याला एखादं मिनिट हवा.

म्हणून मला वाटतं, 'एका खुर्चीचं' हे नाव फसवं आहे. खुर्ची एक, पण माणसं डझनभर लागायची. कोणाला एकट्याने ग्लायडर घेऊन एकट्याने उडता येतच नव्हतं. त्यातून क्लब जन्मले. हिवाळ्यात शाळेच्या तळघरात नाहीतर सुताराच्या दुकानात नकाशे पसरून ग्लायडर बांधायचं, उन्हाळ्यात ते उडवायचं. पाइन लाकडाच्या पट्ट्या, बर्चचा पातळ प्लायवूड, वरून कापड ताणून त्याला लेप. चिकटवायला बराच काळ केसीनचा सरस वापरत, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेला. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याचं काय झालं असतं ते सांगायला नको.

शिष्याने तीस सेकंदांचं उड्डाण केलं की 'ए' परीक्षा पास. बिल्ल्यावर निळ्या रंगात एक पांढरा समुद्रपक्षी. एक मिनिट आणि वळणं घेतली की 'बी', दोन पक्षी. पाच मिनिटं उंची न गमावता तरंगलं की 'सी', तीन पक्षी. त्यानंतर 'सिल्व्हर सी', म्हणजे तीन पक्ष्यांभोवती रुपेरी पानांची माळ. त्यासाठी पाच तास हवेत राहायचं, पन्नास किलोमीटर दूर जायचं आणि हजार मीटर उंची कमवायची. १९३१ साली हा पहिला मान वोल्फ हिर्ट यांना मिळाला. आपल्या सोसायटीला 'सिल्व्हर' मिळवायला पंचवीस वर्षं लागली, त्यामानाने पाच तास म्हणजे काहीच नाही!

या वोल्फ हिर्टपाशी जरा थांबतो. मोटरसायकलच्या अपघातात त्यांचा एक पाय गेला होता. लाकडी पायानिशी ते आयुष्यभर उडत राहिले. कापलेल्या पायाच्या हाडाची त्यांनी सिगारेटची नळी करून घेतली होती म्हणे. १९३१च्या सुमारास ते सायलेशियातल्या ग्रुनाऊ नावाच्या छोट्या गावात ग्लायडिंगच्या शाळेचे प्रमुख होते. त्याच गावात एडमुंड श्नायडर यांचा ग्लायडर बांधायचा कारखाना होता. श्नायडर यांनी एक ग्लायडर केलं, मग त्याच धर्तीवर त्याहून लहान असं दुसरं. लहान म्हणून त्याचं नाव पडलं 'बेबी'. ग्रुनाऊ बेबी. माझ्या मोबाईलमधला फोटो त्याचाच.

चौकटीवर फळी बांधलेल्या ग्लायडरवर शिष्य तयार झाला की पुढची पायरी ही बेबी. हिला पोट होतं, त्यात पायलट छातीपर्यंत बसायचा, डोकं बाहेर वाऱ्यात. पंखांचा पसारा साडेतेरा मीटर, म्हणजे आपल्या पार्किंगमधल्या पाच गाड्यांची जागा. रिकामं वजन १६०-१७० किलो, म्हणजे बुलेट मोटरसायकलहून कमीच. वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास ठेवला की ती सगळ्यांत लांब जाते. एक किलोमीटर उंचीवरून सोडली तर शांत हवेत सतरा किलोमीटर. आजची काचतंतूंची महागडी ग्लायडरं याच्या तिप्पट जातात, पण तेव्हा हे थोर होतं. मुख्य म्हणजे ती शिकाऊ माणसाच्या चुका पोटात घालायची. आणि ज्याला येतं त्याला ती लांब न्यायची. १९३३ साली कुर्ट श्मिट नावाच्या पायलटने पूर्व प्रशियाच्या किनाऱ्याजवळ बेबीत बसून साडेछत्तीस तास हवेत काढले. बिनइंजिनाच्या, बिनछपराच्या, आपल्या ऑफिस चेअरहून अरुंद जागेत दीड दिवस. मी रेल्वेने परभणीला जायचो तर कंबर धरायची.

बेबीचे नकाशे देशोदेशी गेले. क्लबांनी स्वतः बांधल्या, कारखान्यांनी बांधल्या. सुधारलेली 'दोन-बी' नावाची आवृत्ती सगळ्यांत जास्त निघाली. एकूण सहा हजारांच्या वर बेबी झाल्या असं मानतात. ग्लायडरच्या जगात हा आकडा प्रचंड आहे.

इथपर्यंतची गोष्ट छान आहे. ती इथेच थांबवली असती तर बरं, असं मलाही वाटतं, पण हिशेबात जमेची बाजू तेवढी दाखवणं मला जमत नाही.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि काही महिन्यांतच हे सगळे हौशी क्लब एका सरकारी संघटनेत गोळा केले गेले. १९३७ साली तिची नाझी पक्षाची उड्डाण-सेना झाली. पोरांनी सुताराच्या दुकानात बांधलेली ग्लायडरं, शेड, विंच, सगळं तिकडे गेलं. कोणी ठराव केला, कोणी विरोध नोंदवला, हे मला कळायला मार्ग नाही. बहुतेकांनी टाळ्याच वाजवल्या असणार, कारण सरकारी पैसा आला, नवी ग्लायडरं आली, रांगेत उभं राहावं लागेना. चौदा-पंधरा वर्षांची मुलं हिटलर यूथच्या गणवेशात तीच ए-बी-सी परीक्षा देऊ लागली. समुद्रपक्ष्यांचे बिल्ले तेच. पण आता ते लढाऊ विमानाच्या पायऱ्या होते. १९४४च्या अखेरीस तर हाइन्केल १६२ नावाचं जेट विमान काढलं गेलं, आणि फक्त ग्लायडर शिकलेल्या किशोरवयीन मुलांना त्यात बसवायची योजना होती. ती पूर्ण होण्याआधी युद्ध संपलं, एवढंच नशीब.

ग्रुनाऊच्या शाळेतच हाना राइट्श ही मुलगी तयार झाली. शेजारच्या हिर्शबेर्ग गावची, अंगाने लहानखुरी. तिने आत्मचरित्रात सांगितलेला प्रसंग असा : वोल्फ हिर्टनी तिला नवी बेबी उडवायला दिली. उन्हाळ्याचा पातळ फ्रॉक अंगात, आणि ती थेट वादळी ढगात ओढली गेली. गारांनी ग्लायडर झोडपलं, यंत्रं गोठली, वर कुठे खाली कुठे कळेना, शेवटी तिने दांडीच सोडून दिली. बेबी आपली आपण सावरून ढगाबाहेर आली आणि ती डोंगरावर सुखरूप उतरली. पुढे हीच बाई नाझी जर्मनीची नामांकित परीक्षक-पायलट झाली आणि हिटलरच्या शेवटच्या दिवसांत त्याच्या तळघरापर्यंत जाऊन आली. नंतरही तिला पश्चात्ताप झालेला दिसत नाही. १९५९ साली ती भारतात आली होती. ग्लायडिंगच्या कामासाठी पंडित नेहरूंच्या आमंत्रणावरून, आणि दिल्लीवर तिने नेहरूंना स्वतः ग्लायडरमधून फिरवलं. ज्यांनी फॅसिझमविरुद्ध इतकं लिहिलं-बोललं, ते तिच्यासोबत आभाळात बसले. काय बोलले असतील दोघं? मला याचं नीट उत्तर सुचत नाही. कदाचित वर गेल्यावर माणूस फक्त हवेबद्दल बोलतो.

नेहरूंच्या काळातच दिल्लीत नागरी विमानवाहतूक खात्याच्या तंत्रकेंद्राने भारतीय ग्लायडरं करायला घेतली. त्यांची नावं कोणी ठेवली माहीत नाही, पण तो माणूस पंचांग बघणारा असावा. १९५८ साली 'अश्विनी'. मग भरणी, कृत्तिकांची आठवण देणारं कार्तिक, १९६१ची माझी 'रोहिणी', पुढे मृगशीर, आणि १९७९ साली 'आर्द्रा'. नक्षत्रांच्या ओळीने. माझी आई शेतकऱ्याची मुलगी. "रोहिणी कोरडी गेली की मृगाची वाट बघायची," असं ती म्हणायची. मी रोहिणीत बसतो असं तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पाऊस पाड म्हणजे झालं."

युद्धानंतर जर्मनीत ग्लायडिंगला बंदी आली. कितीतरी बेबी जाळल्या गेल्या, काही विजेत्या सैन्यांनी नेल्या. १९५१ साली बंदी उठली. सायलेशिया मात्र पोलंडला गेला आणि तिथल्या जर्मन लोकांना घरदार सोडून निघावं लागलं. आपल्याकडे फाळणी पाहिलेल्या कुटुंबांना हे वेगळं समजावून सांगायला नको. श्नायडर यांचा कारखाना गेला, गाव गेलं, गावाचं नावही गेलं. आज ते येझुव सुदेत्स्की आहे. श्नायडर ऑस्ट्रेलियाला गेले आणि अॅडलेडजवळ नव्याने ग्लायडर बांधू लागले. तिथे त्यांनी केलेलं गाजलेलं ग्लायडर कुकाबुरा नावाच्या तिथल्या पक्ष्याच्या नावाचं, आणि त्याला दोन खुर्च्या. नवल नाही. तोवर जगभर शिकवायची पद्धत बदलली होती. गुरू-शिष्य एकत्र बसू लागले होते. अपघात कमी होतात, हे कारण पुरेसं आहे. माझे सर शेजारी बसायचे ते त्याचमुळे. ग्रुनाऊच्या त्या टेकडीवरून मात्र ग्लायडरं अजून उडतात, आता पोलिश मुलं उडवतात.

तर, संग्रहालयातून निघताना जावयाने काउंटरवर चौकशी केली की अशी बेबी अजून कुठे उडते का. जवळच्याच एका क्लबात आहे, शनिवारी या, असं कळलं. क्लबाचं नाव लिहीत नाही, मी परवानगी घेतलेली नाही.

शनिवारी गेलो. गवताचं मैदान, एक पत्र्याची शेड, कॉफीचा थर्मास, आणि चाळीसेक सभासदांचा क्लब. मला आपली सोसायटीच आठवली. भिंतीवर कामाच्या पाळ्यांचा तक्ता. हिवाळ्यात प्रत्येकाने वर्कशॉपमध्ये ठरावीक तास भरायचे, नाही भरले तर पैसे भरायचे. तक्त्यावर दोन नावांसमोर लाल खुणा. मी विचारलं, हे कोण? एक पांढऱ्या मिशीचा माणूस हसला आणि म्हणाला, थकबाकीदार. तो क्लबाचा खजिनदार निघाला, आणि तोही बँकेतून निवृत्त! मुलीने दुभाषीपण केलं, पण पहिल्या पाच मिनिटांनंतर तिची फारशी गरज उरली नाही.

बेबी शेडच्या मागच्या कोपऱ्यात होती. क्रीम रंग, पंख पिवळसर, कापडातून उजेड आत येत होता आणि आतल्या लाकडी फासळ्या दिसत होत्या, टॉर्चवर हात धरला की बोटं दिसतात तशा. कॉकपिटमध्ये एक छोटी पितळी पट्टी. त्यावर साल होतं १९४३.

मी काही विचारलं नाही. पाहुणा होतो. पण मी पट्टी वाचतोय हे त्याने पाहिलं आणि तो आपण होऊन बोलला. शेपटीवरचा रंग तीन हिवाळ्यांपूर्वी खरवडला तेव्हा खालच्या थरात स्वस्तिक निघालं. आपलं नव्हे, त्यांचं. त्याचे फोटो काढून त्यांनी फाइलला ठेवलेत, आणि मग ते झाकलं. या खुर्चीत १९४३-४४ साली कोण पोरं बसली, ते माहीत नाही, पहिलं लॉगबुक हरवलेलं आहे. तो म्हणाला, "सोळा वर्षांची असतील. किती परत आली, त्याचा हिशेब आमच्याकडे नाही." बँकवाल्या माणसाने 'हिशेब नाही' म्हणणं किती जड जातं, ते मला कळलं.

त्या दिवशी बेबी उडवायची पाळी एका कॉलेजच्या मुलीची होती. वय एकोणीस-वीस. आधी आधुनिक ग्लायडरवर तिचे बरेच तास झालेले. तिने आपल्याकडच्या माकडटोपीसारखी लोकरीची टोपी घातली, वर गॉगल. बेबीला चाक नाही, खाली लाकडी घसरपट्टी आहे, म्हणून सुटी चाकगाडी खाली घालून सहा जणांनी ती मैदानात आणली. मीही ढकलली. विंच पार दुसऱ्या टोकाला, ठिपक्याएवढा.

उभं असताना ग्लायडरचा एक पंख जमिनीला टेकलेला असतो. सुटायच्या वेळी कोणीतरी तो उचलून आडवा धरायचा आणि ग्लायडरला वेग येईपर्यंत सोबत पळायचं. हडपसरला हे काम मी शेकडो वेळा केलं होतं. खजिनदाराने माझ्याकडे पाहिलं, पंखाकडे बोट केलं. सौ. म्हणाली, "अहो, गुडघे." मुलगी म्हणाली, "बाबा, नको." जावई काही बोलला नाही, त्याने मोबाईल काढला.

मी पंख उचलला. फार हलका. टोकाशी कापड जरा थरथरत होतं. पुढे ती मुलगी बसलेली, फक्त टोपी दिसत होती, आणि तिच्या शेजारी कोणी नाही. तिने एकदा उजवीकडे पाहिलं, अंगठा वर केला. तार हळूहळू ताणली गेली, गवतातून वर आली. मग झटका. मी पळालो. पंखाने माझ्या हातातून आपलं वजन काढून घेतलं, ते मला स्पष्ट जाणवलं, आणि बेबी पुढे गेली. मी मात्र हात तसाच पुढे धरून उभा, एवढं जावयाच्या व्हिडिओत दिसतं. त्यात मुलीचा आवाज आहे, "बाबा, सोडा आता, गेलं ते."

ती मुलगी चाळीस मिनिटं वर होती. जंगलाच्या कडेला तिला गरम हवेचा झोत सापडला आणि दोन घारी तिच्यासोबत फिरत होत्या. उतरल्यावर तिचे गाल लाल झाले होते आणि तिला बोलायचंच होतं, पण माझ्याशी इंग्रजीत नव्हे, आपल्या दोस्तांशी जर्मनमध्ये, हातवारे करकरून. नंतर त्यांनी मला खुर्चीत बसू दिलं. गुडघे कसेबसे मावले. दांडी हातात घेतली. डावीकडे, उजवीकडे लाकूड आणि मग गवत. दोन खुर्च्यांच्या ग्लायडरमधून इन्स्ट्रक्टरबरोबर एक चक्कर मारता का, असंही विचारलं. मी नको म्हटलं. तशा चकरा माझ्या झाल्या होत्या.

हे सगळं लिहून झाल्यावर मी परवा त्या सी विंगमधल्या मुलीला लिफ्टमध्ये गाठलं आणि सांगितलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर स्मरणिकेत येणार आहे. थोडक्यात तोंडीही सांगितलं. सर खाली उभे राहायचे, आणि बाकीचे सगळे दोरी ओढायचे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि तुम्ही? तुम्ही एकटे उडलात?"

"नाही. मी पंख धरून पळालो."

"किती?"

"सात-आठ पावलं."

तिसरा मजला आला, दार उघडलं. बाहेर तिचा भाऊ उभा होता. त्याला ती म्हणाली, "आजोबा विमानाबरोबर पळालेत."